गाळाचे दान आणि सोयाबीनचे दाम



मेडशीच्या बैठकीत एक पोरगा म्हणाला, "भाऊ, सरकारची वाट काहून पाहाची? मुंबईवाले शेठ तलाव उपसून देऊन रायले." ठीक आहे. शेठ कोण ते पाहू.

अमित चंद्रा. व्हीजेटीआयचे इंजिनीअर, अमेरिकेत एमबीए, डीएसपी मेरिल लिंचमध्ये मॅनेजिंग डायरेक्टर, मग बेन कॅपिटल या अमेरिकी भांडवल कंपनीच्या मुंबई कचेरीचे प्रमुख. धंदा असा: पेन्शन फंडांचा, धनिकांचा पैसा गोळा करायचा, कंपनीत हिस्सा घ्यायचा, पाचसात वर्षे थांबायचे, भाव आला की विकायचे. नफ्याचा साधारण पाचवा हिस्सा फंड चालवणाऱ्यांचा. हिरो, अ‍ॅक्सिस बँक असे सौदे बेनने केले. मिळकतीचा मोठा भाग चंद्रा आणि त्यांच्या पत्नी अर्चना दान करतात. त्यांच्या ए.टी.ई. चंद्रा फाउंडेशनने महाराष्ट्रात गाळ काढायला पैसा लावला. त्यात खोट काढणे मला जमणार नाही. मी कृषी पदवीधर आहे. मुरमाड रानाला गाळ काय करतो ते जाणतो. (भारी काळ्या जमिनीत मात्र टाकू नका, पाणी तुंबेल.)

खोट सरकारची. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' २०१७ साली निघाली. मशीन-डिझेल सरकारचे किंवा दात्याचे, वाहतूक शेतकऱ्याची. ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याने गाळ नेला, दोन एकरवाला बघत राहिला. हे कळायला २०२३ उजाडले. तेव्हा लहान शेतकऱ्याला घनमीटरला ३५.७५ रुपये ठरले, एकरी ४०० घनमीटर, अडीच एकरापर्यंत. ४०० घनमीटर म्हणजे एकरभर चार इंच थर. तीन घनमीटरची ट्रॉली धरली तर १३३ खेपा, खेपेला १०७ रुपये. तेवढ्यात डिझेल, ड्रायव्हर आणि भाडे बसवून दाखवा!

आता चंद्रांकडे दानाला पैसा आला कुठून? भाव आल्यावर विकू दिले म्हणून. २००४ ते २०१८ शेअर बाजारात लांब मुदतीच्या नफ्यावर करसुद्धा शून्य. आपले? २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, तर ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी, डिसेंबरमध्ये वायदेबाजार बंद, पेंडीवर साठामर्यादा. हिरोचा शेअर चढला म्हणून कोणी परदेशातून शेअर आणून ओतले काय?

२०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२, बाजारात चार हजारांच्या आसपास. एकरी सहा क्विंटल धरले तरी पाच हजार बुडाले. असे तीन हंगाम गेले की गाळाचे एकरी १४,३०० वसूल!

आणि मार्च २०२५ मध्ये बेनने मणप्पुरम फायनान्सचा १८ टक्के हिस्सा ४३८५ कोटींना घेण्याचा करार जाहीर केला. सोनेतारणाची कंपनी. भाव बुडाला की पेरणीला आपल्या मायबहिणींचे दागिने कुठे जातात, ते सांगायला नको.

गाळ जरूर घ्या, लाजू नका. आधी माती तपासा. पण मालेगाव तहसीलला गाळाचा अर्ज देताना सोबत दुसरा कागद द्या: सोयाबीनला भाव येताच आयात कोणी केली आणि का, याचा लेखी खुलासा मागा. पोच घ्यायला विसरू नका.