विश्लेषण : दुभंगलेली टाळू कधी शिवायची?

बाळाचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली दिसली, की अनेक घरांत पहिली चौकशी होते ती आईने ग्रहणात काय चिरले याची. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग पहिल्या तीन महिन्यांत जुळायचे राहून जातात, एवढेच. आईला बोल लावण्यापेक्षा डॉक्टरांना विचारायला हवे, की शस्त्रक्रिया कोणती आणि कधी?

ओठ सहसा तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात. शिवलेल्या ओठाच्या दाबाने वरच्या जबड्याचे दुरावलेले भाग समोरून हळूहळू जवळ येतात. कसरत आहे ती टाळूची. तिथे राहणारा व्रण ताठर असतो आणि तो जबड्याला पुढे व रुंदीत मोकळेपणी वाढू देत नाही. श्रीलंकेत शस्त्रक्रियेविनाच मोठ्या झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ बरीचशी नैसर्गिक आढळली होती.

मग थांबावे का?

नाही. टाळू उघडी राहिली तर हवा नाकातून निसटते आणि उच्चार बिघडतात. केवळ टाळू दुभंगलेल्या बाळांवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८.९ टक्के मुलांत पाचव्या वर्षी हा दोष उरला होता. बाराव्या महिन्यात झालेल्यांत १५ टक्के. म्हणजे वाचेसाठी लवकर शिवणे बरे. जबड्याचा हिशेब मात्र पाचव्या वर्षी पूर्ण होत नाही, तो कळतो किशोरवयात.

म्हणूनच मोफत शिबिरांत केवळ शस्त्रक्रियांचा आकडा मोजणे अपुरे आहे. ओठ शिवला, फोटो छान आला, की कुटुंब पुन्हा फिरकत नाही. दुभंग हिरडीतूनही गेला असेल, तर तिथे हाड भरावे लागते; त्याची वेळ साधारण आठ ते अकरा वर्षांची, सुळा उगवण्याआधीची. ती चुकली तर पुढचे उपचार अवघड होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे आणि तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मग पाठपुराव्याची नोंदही तितकीच वर्षे ठेवायला हवी. पालकांनीही टाके काढतानाच वाचा-उपचारतज्ज्ञ आणि दंतवक्रता-तज्ज्ञांच्या पुढच्या तारखा लिहून मागाव्यात.