ओव्हन आईचा, अकाउंट दादाचं

‘अगं, ओव्हन बिघडलाय वाटतं. ते वाय-फायचं चिन्ह नुसतं लुकलुकतंय.’ साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा मी सांगलीत मेसच्या रांगेत उभी होते. राउटर बंद करून चालू कर, म्हटलं. तुम्हीही हेच सांगितलं असतं, आपल्या पिढीचं ते रामबाण औषध आहे. गुण आला नाही. मग ‘दादाला विचार’ म्हणून मी फोन ठेवला.

दिवाळीला घरी गेले तर ओव्हनवर भरतकामाचा रुमाल आणि रुमालावर लोणच्याची बरणी. ‘वाय-फाय लागंना, मग कसा लावू?’ आई म्हणाली. मी बरणी उचलली, बटण दाबलं, ओव्हन सुरू! वाय-फाय नसलं तरी तो बटणांवर चालतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दादाने नाही, मीही नाही. लहानपणी आम्ही नानकटाईसाठी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचो. यंदा ओट्यावर दादाच्या पहिल्या बोनसचा ओव्हन असताना आई परत डबे घेऊन बेकरीत गेली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

बिघाड शोधायला दुपार गेली. घरी नवीन फायबर कनेक्शन आलं होतं, म्हणजे राउटर नवा, वाय-फायचं नाव नवं. ओव्हन बिचारा जुन्याच नावाला हाका मारत होता. तुमच्याकडे राउटर बदलणार असतील तर एक करा: नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अगदी अक्षरन् अक्षर. बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. आम्हाला हे उशिरा सुचलं.

दुसरी गोम २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची. राउटर दोन्ही पट्ट्यांवर बोलतो, पण स्वयंपाकघरातल्या बहुतेक स्मार्ट उपकरणांना फक्त २.४ कळते. दोन्हींना एकच नाव असलं की फोन ५ वर जातो आणि ॲप ओव्हनला शोधत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या आणि जोडणी करताना फोनही त्यावरच ठेवा. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन मध्येच तिकडे उडी मारतो. ॲपला लोकेशनची परवानगी द्या. तरीही अडलं तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा; जुन्या उपकरणांना डब्ल्यूपीए२ लागतं.

आमचं घर पेठेतलं, जुनं. राउटर पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागच्या अंगाला आणि मध्ये हातभर जाडीची दगडमातीची भिंत. ओव्हनशेजारी फोन धरला तर रेंजची एकच काडी. राउटर टीव्हीच्या कपाटातून काढून दाराजवळ उंच ठेवला, दोन काड्या वाढल्या. गंमत म्हणजे मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे पदार्थ गरम होत असताना शेजारचं वाय-फाय अडखळू शकतं. लाइट गेली-आली तर आधी राउटर नीट सुरू होऊ द्या, मग ओव्हनचा स्विच टाका. (हॉस्टेलवाल्यांनी हा नाद सोडावा. रूममेटचा स्मार्ट प्लग कधीच जोडला गेला नाही. तिथल्या वाय-फायला लॉगिनचं पान भरावं लागतं आणि प्लगला कुठे स्क्रीन असते?)

हे सगळं झालं तरी ॲप उघडेना, कारण अकाउंट दादाचं. ओटीपी पुण्यात, दादा मीटिंगमध्ये. रोज ओव्हनपुढे उभी राहते आई, पण ॲपच्या लेखी मालक दादा. मला राग आला तो इथे. आपण घरी वस्तू आणतो, पंधरा मिनिटांत ‘सेट करून’ देतो, फोटो टाकतो आणि निघून जातो. ईमेल आपला, पासवर्ड आपल्या डोक्यात, ॲप इंग्रजीत. मग महिन्याभराने ‘आईला टेक्नॉलॉजी जमत नाही’ म्हणायला मोकळे! तिच्या वस्तूची किल्ली आपण खिशात घालून नेलेली असते, त्याचं काय?

दुरून ओव्हन सुरू करण्याचं तर मला मुळीच कौतुक नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ‘जून’ नावाचे काही स्मार्ट ओव्हन रात्री लोक झोपेत असताना तापल्याच्या बातम्या होत्या. ग्राहकांकडूनच फोनवर चुकून सुरू झाले, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुण्यात कुणाचा अंगठा घसरला म्हणून साताऱ्यात ओव्हन का तापावा? बऱ्याच ओव्हनमध्ये रिमोट स्टार्टसाठी आधी यंत्रावरचं बटण दाबावं लागतं. ती अट त्रासदायक वाटली तरी राहू द्या.

संध्याकाळी दादाच्या अकाउंटमधून ओव्हन काढला आणि आईच्या फोनवर तिच्या नावाने जोडला. मी नुसतं सांगत होते, बोट तिचं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लुकलुकणं थांबलं. पासवर्ड तिने हिशेबाच्या वहीत लिहिलाय, दूधवाल्याच्या पानावर. दादाला ॲपमध्ये मेंबर म्हणून घ्यायचं की नाही, ते तिने अजून ठरवलेलं नाही.