स्वप्न कोणाचे, अश्रू कोणाचे?

अमेरिकेतील ‘डॅलस’ या दूरचित्रवाणी-मालिकेने २६ सप्टेंबर १९८६ रोजी नव्या पर्वाचा आरंभ करताना प्रेक्षकांशी जो व्यवहार केला, तो कथाकारांनी कधीही विसरू नये असे आम्हांस वाटते. टेक्सासमधील तेलाचे धनी असलेल्या यूइंग कुटुंबाची ही कथा १९७८ पासून चालू होती. १९८५ मध्ये धाकटा पुत्र बॉबी मोटारीच्या धडकेने मृत्यू पावला, कारण ती भूमिका करणारे पॅट्रिक डफी मालिका सोडून जात होते. वर्षभराने ते परतले आणि लेखकांनी तोड काढली : मधले सबंध वर्ष हे पामेलास पडलेले स्वप्न!

नटाने परतावे यात गैर काहीच नाही. धंद्याच्या अडचणीही आम्ही जाणतो. परंतु प्रेक्षकांनी केलेला शोक स्वप्नातला नव्हता. कथा कल्पित आहे हे प्रेक्षकास ठाऊकच असते. घडले ते घडले असेच मानले जाईल, या बोलीवर तो तिच्यासाठी अश्रू ढाळतो. ती बोली एकदा मोडली, की पुढील कोणत्याही मृत्यूचे त्यास दुःख होईनासे होते. ‘नॉट्स लँडिंग’ या भगिनी-मालिकेने हे स्वप्न मानले नाही. तेथे बॉबी मृतच राहिला. तिचे हे वर्तन आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्याकडील कौटुंबिक मालिकाही वर्षानुवर्षे चालतात. त्यांच्या लेखकांस आमचे सांगणे इतकेच की, पात्राचा अंत करण्यापूर्वी दहादा विचार करावा. केल्यावर मात्र त्या अंताचा मान राखावा.