विश्लेषण : जागतिक स्पर्धांच्या आयोजकांविरुद्ध मध्यस्थीने दाद मिळते का?

स्पर्धा होते एका देशात, तिच्या आयोजकांचे मुख्यालय असते दुसऱ्या देशात. स्टेडियम बांधणारा मजूर तिसऱ्याच देशातून आलेला असतो. त्याच्यावर अन्याय झाला तर त्याने दाद कुठे मागायची? गेल्या दशकातील दोन प्रकरणांत याचे उत्तर न्यायालयाबाहेर शोधले गेले.

व्यवस्था काय आहे?

‘ओईसीडी’ने १९७६ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली. २०११ मध्ये त्यात मानवी हक्कांचे प्रकरण जोडले गेले. ती मान्य करणाऱ्या प्रत्येक देशाला ‘राष्ट्रीय संपर्क केंद्र’ नेमावे लागते. कामगार संघटना वा स्वयंसेवी संस्था तेथे तक्रार करू शकतात. केंद्र दोन्ही बाजूंना चर्चेला बसवते; पण दंड वा शिक्षा करू शकत नाही.

फॉर्म्युला वनचे काय झाले?

बहारीनमध्ये २०११ ची शर्यत सरकारविरोधी आंदोलनामुळे रद्द झाली. २०१२ मध्ये निदर्शने सुरू असतानाच ती झाली. २०१४ मध्ये एका मानवी हक्क संघटनेने ब्रिटनच्या केंद्राकडे तक्रार केली. मध्यस्थीनंतर २०१५ मध्ये फॉर्म्युला वनने मानवी हक्कांचा आदर करण्याची लेखी हमी दिली. मात्र २०१७ मध्ये समाजमाध्यमावर या शर्यतीवर टीका करणाऱ्या बहारीनच्या एका महिलेला अटक झाली. पुढे तिला तीन वर्षांची शिक्षाही झाली.

‘फिफा’चे प्रकरण वेगळे कसे?

कतारमधील विश्वचषकाच्या बांधकामावरील स्थलांतरित मजुरांसाठी ‘बीडब्ल्यूआय’ या जागतिक बांधकाम कामगार महासंघाने २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या केंद्राकडे धाव घेतली. ‘फिफा’ ही कंपनी नाही, संघटना आहे. तरीही तिचे हे काम व्यावसायिक स्वरूपाचे मानून तक्रार दाखल झाली. २०१७ मध्ये मध्यस्थी पूर्ण झाली. बांधकामांवर देखरेख, पाहणीत कामगार महासंघाचा सहभाग आणि मजुरांसाठी तक्रार यंत्रणा यांवर भर देण्यात आला. मर्यादाही होतीच. संयुक्त पाहणी विश्वचषकाच्या प्रकल्पांपुरती राहिली. कतारमधील इतर असंख्य मजूर तिच्या बाहेरच होते.

भारतासाठी धडा काय?

कतारमध्ये राबणाऱ्यांत भारतीय मजूर मोठ्या संख्येने होते. पण भारताने ही तत्त्वे स्वीकारलेली नसल्याने येथे असे केंद्रच नाही. १९९३ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा रोख लोकसेवकांकडे आहे, खासगी आयोजकांकडे नाही. २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा आला. मात्र मैफलीचा मंच बांधणारा रोजंदारीवरचा मजूर आणि बडी कंपनी समोरासमोर बसले, तर ती चर्चा बरोबरीची कशी होणार? कतारच्या मजुरांमागे संघटना उभी होती, म्हणून ते टेबलापर्यंत पोहोचले.

मध्यस्थीला म्हणूनच कमी लेखू नये, पण तिला न्यायनिवाडाही समजू नये. तिच्यातून हाती येतो तो शब्द. बहारीनमध्ये तो कागदावर उरला. कतारमध्ये पाहणीसाठी माणसे साइटवर गेली, म्हणून काही अंशी तरी पाळला गेला. समझोत्यावर सही होताना विचारायचा प्रश्न एकच : उद्या तपासायला कोण येणार?