गृहारोग्य : ओसरून गेलेला झटका

जें दुखणें आपल्या पायांनीं आलें आणि आपल्याच पायांनीं गेलें, त्याचा फारसा विचार करावयाचा नाहीं, अशी आपल्याकडील घरांतून रीतच पडून गेली आहे. बहुतेक दुखण्यांच्या बाबतींत ती निभावतेही. परंतु पूजा करतांना वडील मंडळींच्या हातांतली पळी एकाएकीं गळून पडली, बोलतांना जीभ जड झाली, अथवा तोंड एका बाजूस वांकडें झालें, आणि दहा-पंधरा मिनिटांत सारें पूर्ववत् झालें, तर ‘पित्त झालें असेल, थोडें पडून राहा’ असें म्हणून गप्प बसणें प्राणावर बेतूं शकतें. ह्या महिन्यांत आम्ही त्याचाच विचार वाचकांपुढें मांडणार आहों.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या एखाद्या वाहिनींत रक्ताची लहानशी गांठ अडकली, कीं तेवढ्या भागाचें काम थांबतें. गांठ विरघळली, कीं तें पुन्हा सुरू होतें. परंतु गांठ जेथून आली, तें मूळ तसेंच राहतें. उत्तर कॅलिफोर्नियांत अशा क्षणिक झटक्यानंतर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १७०७ रोग्यांची पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. पुढील ९० दिवसांत त्यांपैकीं शेंकडा दहांहून अधिकांना खरा पक्षाघात झाला. आणि त्यांतील निम्म्यांना तर तो पहिल्या दोनच दिवसांत झाला. ओसरलेला झटका हा अशा रीतीनें एक इशारा असतो, आणि त्याची मुदत फार थोडी असते.

रुग्णालयांत नेल्यावर बहुधा प्रथम सी. टी. स्कॅन होतो. क्ष-किरणांच्या साह्यानें मेंदूचे थर दाखविणारें हें यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांनीं तयार केलें, आणि १९७१ सालीं लंडन येथें तें पहिल्या रोग्यासाठीं वापरण्यांत आलें. मेंदूंत रक्तस्राव झाला असेल, तर तो ह्या चित्रांत तत्काळ पांढरा दिसतो. हा निर्णय फार मोलाचा आहे. गांठीमुळें आलेल्या झटक्यांत रक्त गोठूं न देणारें औषध द्यावयाचें असतें. रक्तस्रावांत तेंच औषध घातक ठरूं शकतें. आणि बाह्य लक्षणें तर दोहोंचीं सारखींच असूं शकतात. म्हणून स्कॅन होण्यापूर्वीं घरांतल्या घरांत ॲस्पिरिनची गोळी देण्याचा मोह आवरावा.

परंतु मोठा गैरसमज होतो तो येथून पुढें. ‘स्कॅन साफ निघाला’ असें ऐकतांच मंडळी निश्चिंत होतात. वस्तुतः त्या वेळीं एवढेंच कळलेलें असतें कीं, रक्तस्राव नाहीं. रक्तावांचून दुखावलेला लहानसा भाग आरंभींच्या तासांत सी. टी. मध्यें बहुधा दिसतच नाहीं. तो पाहण्यास एम्. आर्. आय्. लागतो, आणि त्यांतही पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारी एक विशिष्ट पद्धत. रक्त तुटलेल्या पेशींना क्षार आणि पाणी ह्यांचा तोल सांभाळतां येत नाहीं. पाणी पेशींत शिरून कोंडतें, आणि ती जागा चित्रांत शुभ्र ठिपक्याप्रमाणें उठून दिसते. अमेरिकेंत ३५६ संशयित रोग्यांचीं दोन्ही प्रकारचीं चित्रें काढून केलेली तुलना २००७ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. रक्त अडल्यामुळें आलेला ताजा झटका एम्. आर्. आय्. नें १६४ जणांत दाखविला, सी. टी. नें अवघ्या ३५ जणांत!

लक्षणें पूर्णपणें ओसरलेल्या रोग्यांतही सुमारें एक तृतीयांशांच्या मेंदूंत असा ठिपका सांपडतो, आणि ज्यांच्यांत तो सांपडतो त्यांना पुन्हा झटका येण्याचें भय अधिक असतें. चोवीस तासांत बरा झाला तो क्षणिक झटका, ही जुनी व्याख्या अमेरिकन हार्ट असोसिएशननें २००९ सालीं बदलली ती ह्यामुळेंच. तथापि एम्. आर्. आय्. सर्वज्ञ आहे असेंही कोणीं समजूं नये. मेंदूच्या मागील भागांतला लहान झटका पहिल्या दिवशीं कधीं कधीं त्याच्याही नजरेंतून निसटतो. चित्र हें डॉक्टरांच्या तपासणीचें साहाय्यक आहे. तिची जागा तें घेऊं शकत नाहीं. मानेंतील रक्तवाहिन्या, हृदयाची लय, रक्तदाब व रक्तांतील साखर हीं त्याबरोबर पाहावींच लागतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. ऑक्सफर्ड येथील अनुभव त्याचें उत्तर देतो. क्षणिक किंवा सौम्य झटक्यानंतर विनाविलंब तपासणी करून लगेच औषध सुरू करण्याची व्यवस्था तेथें करण्यांत आली, तेव्हां तीन महिन्यांत पुन्हा झटका येण्याचें प्रमाण शेंकडा १०.३ वरून २.१ वर आल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. औषधें नवीं नव्हतीं. तीं वेळेवर मिळालीं, एवढाच काय तो फरक.

घरांतील कर्त्या मंडळींनीं म्हणून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. माणूस शेवटचें ठीक दिसलें तो वेळ कागदावर टिपावा, कारण गांठ विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. चालू असलेल्या औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि छातींत पेसमेकर बसविलेला असल्यास तें आधींच सांगावें. तिसरी गोष्ट ही कीं, सी. टी. साफ आला तरी ‘एम्. आर्. आय्. ची गरज आहे काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना विनयानें पण अवश्य विचारावा. वडीलधाऱ्यांपैकीं कोणी ‘मला आतां कांहीं होत नाहीं’ म्हणून जाण्यास नकार देतील. परंतु त्या दिवशीं त्यांची आज्ञा मोडणें हीच त्यांची खरी सेवा होय.