वाटेवरचं घर



गेल्या महिन्यात मंडळाच्या पिकनिकला एका तरुण सुनेनं मला विचारलं, "काकू, तुम्ही इतकी वर्षं गीतावर्ग, प्रवचनं, ध्यान, सगळं केलंत. शेवटी मिळालं काय?" हातात बटाटेवड्यांचा ट्रे होता, तेव्हा "सांगते कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचं सदर तिच्यासाठी.

माझं माहेर सासवडचं. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाट चढते आणि आमच्या गावात दोन रात्री विसावते. त्या दिवसांत आईचा खोचलेला पदर सुटायचाच नाही. ओसरीवर वारकऱ्यांची पंगत, चुलीवर पिठलं, शेजारी भाकऱ्यांची चवड. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा कुरकुरले, "आई, ही माणसं ना ओळखीची ना पाळखीची. आपल्याकडेच का येतात?" भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अगं, ती आपल्याकडे येत नाहीत, पंढरपूरला निघालीत. त्यांच्या वाटेवर आपलं घर आहे, एवढंच." जेवू घालून वर त्यांच्याच पाया पडायची, हे तर मला मुळीच पटत नसे.

१९७४ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीला आले. गौरीहर पुजताना आईनं दिलेली पितळेची अन्नपूर्णा बरोबर होती. १९७९ साली माझ्या पहिल्या बाळंतपणाला आई येणार होती. पासपोर्ट हातात आला होता, डिंकाच्या लाडवांचं सामानही भरून झालं होतं. आणि एका रात्रीत ती हृदयविकारानं गेली. मला आठवा महिना संपत आलेला. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. मुलगी झाली, बारसं झालं, पण देवाशी माझं बोलणं बंद झालं. अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून कपाटात टाकली.

गंमत बघा, भांडण देवाशी आणि पाय मात्र त्याच्याच दाराकडे! स्वामी विवेकानंदांनी १८९४ साली स्थापलेल्या न्यू यॉर्कच्या वेदान्त सोसायटीत रविवारची व्याख्यानं ऐकली. गीतेचा वर्ग केला. गुरुवार धरले, सोडले. वह्याच्या वह्या भरल्या. "आई का गेली?" याचं उत्तर एकाही वहीत सापडलं नाही.

१९९६ साली एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर मॅसॅच्युसेट्समध्ये शेलबर्नच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला गेले. पहाटे चारला घंटा, दिवसभर मौन, अकराला जेवण, संध्याकाळी नुसता चहा आणि फळं. पहिले चार दिवस कंबर आणि गुडघे यांचंच ध्यान झालं! पाचव्या दिवशी ताट पुढे घेऊन बसले आणि लक्षात आलं, या देशात आल्यापासून इतके दिवस सलग आयतं जेवण मला कुणी दिलं नव्हतं.

तिथे फी नसते. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर नव्यांचं अन्न शिजतं, आणि रांधणारेही बिनपगारी सेवक. पहिलं शिबिर पुरं होईपर्यंत तुमच्याकडून एक डॉलरही घेत नाहीत. म्हणजे माझ्या ताटातला भात कुणीतरी आधीच माझ्यासाठी ठेवून गेलं होतं. ना ओळखीचं ना पाळखीचं! मौन होतं म्हणून बरं. सतरा वर्षं अडलेलं रडू त्या भाताबरोबर आलं.

गोएंका गुरुजी मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीनं बेजार होऊन १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे साधना शिकले. १९६९ साली भारतात आले ते आजारी आईसाठी, आणि मुंबईतलं त्यांचं पहिलं शिबिर आईवडिलांसाठीच झालं. त्यांना आईपर्यंत पोचता आलं, मला नाही. हे शल्य ध्यानानं पुसलं गेलं, असं मी खोटं सांगणार नाही.

पण १९९९ साली मी त्याच स्वयंपाकघरात सेवेला गेले. दहा दिवस गाजरं चिरली, भांडी घासली. मौन सुटल्यावर एक गोरी आजी मुद्दाम आभार मानायला आली. मला मात्र वाटलं, आपणच हिच्या पाया पडावं! आई वारकऱ्यांना का वाकायची, ते त्या दिवशी मला उमगलं. घरी आल्यावर पहिल्यांदा कपाट उघडलं. चिंचेनं घासल्यावर अन्नपूर्णा लखलखली. हातातली पळी होती तशीच होती.

तर सूनबाई, आई का गेली ते मला अजूनही कळलेलं नाही. ती काय करत होती, तेवढं कळलं. त्यालाच मी "मिळालं" म्हणते.

पालखी सासवडला असते त्या आठवड्यातल्या शनिवारी मी आणि माझी लेक गावातल्या चर्चच्या तळघरात जातो. गरजूंसाठी तिथे दुपारचं जेवण असतं. पिठलं नाही, सूप आणि पाव वाढतो. येणाऱ्यांची नावं आम्ही विचारत नाही.

वाढायला हात नेहमीच कमी पडतात. यंदा तूही ये.

बाकी मंडळी, भेटू पुढच्या अंकात.