लांबचा परदेश प्रवास आणि शेवटच्या घटकेची धांदल

लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण, आणि त्यासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेले आईबाबा. हे आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावातसुद्धा एखाद्या गल्लीत असं घर सापडतंच. निघायच्या आधीचे आठ दिवस त्या घरात एकच विषय असतो, तो म्हणजे वजन. सहसा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. मग वजनकाट्यावर बॅग चढवायची, मेतकूट काढायचं, भाजणी घालायची, परत चढवायची. शेजारचे येऊन सल्ले देतात ते वेगळंच.

मला यात एक गोष्ट खटकते. काळजी सगळी बॅगेची होते, पण जाणाऱ्या माणसाला प्रवासाची माहिती कोणीच नीट देत नाही. आई विचारते, "तिथे उतरल्यावर काय विचारतात रे?" तिकडून उत्तर येतं, "तू टेन्शन घेऊ नको, सगळं व्हॉट्सॲपवर टाकलंय." आता फोनची बॅटरी संपली, विमानतळावर नेट लागलं नाही, तर ते व्हॉट्सॲप काय कामाचं? आपण पहिली-दुसरीच्या लेकरांकडून घरचा पत्ता आणि वडिलांचा फोन नंबर पाठ करून घेतो. हरवलं तर सांगता यावं म्हणून. साठ वर्षांची आई आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब निघते, तिच्याकडून मात्र लेकाचा पत्ता पाठ करून घ्यायचं कोणाला सुचत नाही.

तिथला अधिकारी काही कठीण विचारत नाही. कोणाकडे आलात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का, सोबत खायचं काय आणलंय. चार-पाच प्रश्न. घरात दोन संध्याकाळी बसून याचा सराव होतो. नातवंडाला अधिकारी करा, त्यालाही मजा येते. समजलं नाही तर "प्लीज रिपीट" म्हणायचं, त्यात कमीपणा कसला? पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवायचा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी दर वेळी राहायची मुदत तोच अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. त्या तारखेच्या आत परतावं लागतं. ही गोष्ट मुलाला माहीत असून भागत नाही, आईबाबांना स्वतःला माहीत हवी.

व्हीलचेअरचं बोललो तर काहींना राग येईल. गुडघे दुखतात, लांब चालवत नाही, त्यांनी ती जरूर घ्यावी. पण चांगले चालते-फिरते लोक निव्वळ इंग्रजीच्या धास्तीने खुर्चीत बसून विमानतळ पार करतात. त्यांना मी दोष देत नाही. दोष घरातल्या शिकलेल्यांचा आहे, कारण गेट नंबर कुठे लिहिलेला असतो हे बोर्डिंग पासचा फोटो दाखवून दहा मिनिटांत शिकवता येतं.

औषधांचं तर विचारूच नका. सहा महिन्यांच्या गोळ्या, डबीत ओतलेल्या, चिठ्ठी नाही! गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, त्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, मग आपलं क्रोसिन तिथल्या दुकानात कसं मिळणार? निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत हव्यात. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागे, तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळा कशा बदलायच्या हे आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठेवावं. आणि विम्याच्या अर्जात बीपी-शुगर लपवू नये. तिथला दवाखान्याचा खर्च मुलाला झेपेल की नाही याची रात्र-रात्र काळजी करणारे बाबाच नेमकं हे लपवतात.

घरच्या काळज्याही कमी नसतात, आणि त्यांना हसू नये. तुळशीला पाणी कोण घालणार, लाइट बिल कोण भरणार, किल्ली कोणाकडे. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची सोय जायच्या आधीच बँकेत विचारून घ्यावी. बँकेचा ओटीपी यायला सिमचं रोमिंग चालू हवं. नाहीतर मुलगा लाखात कमावतो आणि बाबांना स्वतःच्या खात्यातले पाच हजार हलवता येत नाहीत. असा माणूस मग सहा महिने लेकाच्या घरी पाहुण्यासारखा अवघडून राहतो, चहासुद्धा मागून घेत नाही.

राहता राहिली बॅग. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची. इथला मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची, तो चालणार नाही. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून मोठ्या बॅगेत देता येत नाही. आणि दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस लावलेले अनारसे शेजाऱ्यांना वाटून टाका, तिथे खसखशीला बंदी आहे. तेवढ्या रिकाम्या झालेल्या जागेत आईला तिची रोजची पोथी ठेवू द्या, वजन करत बसू नका.